खुर्चीशेजारची खिडकी

पाणी कुठून आलं हे शोधणं हा माझा धंदा आहे. विमा कंपनीच्या वतीने मी लोकांच्या घरी जाते, फुगलेल्या भिंती आणि कुजलेल्या फळ्या बघते, आणि हे पाणी नळाचं, बर्फाचं की मालकाच्या आळसाचं ते सांगते. विनिपेगच्या उत्तर भागातली निम्मी तळघरं मी गुडघ्यांवर रांगत पाहिली आहेत. जिला बाप नाही अशी ओल मला आजवर भेटली नव्हती. म्हणून बाबांचं घर विकताना ओलाव्यावरून घोडं अडलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, चला, या वेळी घरचंच गिऱ्हाईक.

बाबांना घर विकायची घाई होती, आणि त्या घाईचं नाव स्टेफ्काबाई. त्या वृद्धांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. आमच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी बायका पेरोही वळतात, म्हणजे आमच्या बटाट्याच्या करंज्या. तिथे बाबा बटाटे सोलायला जायला लागले आणि एका हिवाळ्यात दोघांचं जमलं. स्टेफ्काबाईंच्या शेजारची खोली रिकामी झाली होती. ती घर विकल्याशिवाय परवडणार नव्हती, आणि व्यवस्थापकाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच ती राखून ठेवायचं कबूल केलं होतं. नंतर रांगेतल्या पुढच्या माणसाला. एकोणऐंशी वर्षांच्या बाबांनी नवे शर्ट घेतले होते. आई गेल्यापासून त्यांनी साधा मोजाही घेतला नव्हता, त्यामुळे ते शर्ट बघून मला रडू आलं आणि चिडवावंसंही वाटलं. मी चिडवलं.

गिऱ्हाईकही चांगलं मिळालं होतं. रोमेल आणि लिझेल, तरुण जोडपं, मूळचं फिलिपिन्सचं. तो बस चालवतो, ती नर्स. लिझेलने स्वयंपाकघर पाहिलं आणि तिथेच टेबलाशी बसून राहिली. "मला हेच हवंय," ती म्हणाली. घरविक्रीचं काम बघणारी शेरिल तिला डोळ्यांनी दटावत होती, की इतकं पटकन आवडलं म्हणून दाखवायचं नसतं. पण शेरिल आमच्या बाजूची होती, तेव्हा तिने दटावायला नको होतं.

मग त्यांचा तपासनीस आला आणि खिडक्यांपाशी थबकला. बाहेर उणे अठ्ठावीस होतं, आणि आत प्रत्येक काच घामाने डबडबलेली. चौकटींच्या खालच्या कडा काळवंडल्या होत्या. त्याने तळघरात जाऊन भट्टी पाहिली आणि वर येऊन निकाल दिला: "ह्युमिडिफायर बिघडलाय. हे नीट झाल्याशिवाय घर घेऊ नका."

रोमेलची आई वसंतात मनिलाहून यायची होती आणि तिला दम्याचा त्रास होता. ओलं घर त्यांना चालण्यासारखं नव्हतं. यात त्यांचं काही चूक नव्हतं.

आमच्याकडे हिवाळ्यात तळघरातल्या भट्टीची गरम हवा सगळ्या घरात फिरते आणि घर शिळ्या पावासारखं कोरडं पडतं. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. म्हणून भट्टीच्या नळकांड्याला ह्युमिडिफायरची पेटी लावतात. तिच्यात जाळीवरून पाणी ठिबकतं आणि जाणाऱ्या हवेला थोडी ओल मिळते. बाकीच्या घरांत या पेटीकडे कुणाचं लक्षही नसतं. आमच्या घरात तिच्यावरून मुकं महाभारत व्हायचं.

आई चर्चच्या गायनवृंदात होती. बायका वरच्या पट्टीत गायच्या, आई खालची धरायची. कोरड्या हवेने घसा बसतो म्हणून ती पेटीची चकती जाता-येता वर फिरवायची. खिडक्या रडतात म्हणून बाबा ती खाली फिरवायचे. दोघं एकमेकांशी त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. त्यांचा सगळा संसार त्या चकतीवर चालला होता असं म्हटलं तरी चालेल. आई गेली त्या दिवशी चकती वर होती. बाबांनी ती तशीच ठेवली.

"बाबा, पेटीच बिघडलीय," मी म्हटलं. "दुरुस्त करू, झालं."

"कर बाई," बाबा म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघितलं.

आयनार नावाचा भट्टीवाला आला. माझ्या ओळखीचा, तोंडाळ, कामाला बरा. त्याने पेटी उघडली आणि शिट्टी वाजवली. आतली जाळी चुन्याच्या खड्यासारखी टणक झाली होती. पाण्याचा नळ गंजून बंद पडला होता.

"दार्का, ही पेटी कधीच मेलीय," तो म्हणाला. "एक वर्ष झालं असेल, कदाचित जास्त."

"मग ओल कुठून येते?"

"ते तू सांग. पाण्याची मास्तरीण तू आहेस."

आम्ही पेटी काढूनच टाकली. नळकांड्यातल्या भोकावर आयनारने पत्रा ठोकला, पाण्याची नळी कापून बुच मारलं. जाताना तो म्हणाला, "आता चार दिवसांत घर सुकलं नाही तर मी माझी टोपी खाईन." चार दिवसांनी मी त्याला फोन करून विचारलं की टोपीला मीठ लागेल का.

कामाच्या पिशवीतलं ओल मोजायचं यंत्र मी टेबलावर ठेवलं होतं. थंडीत घरात जेवढी ओल असायला हवी त्याच्या दुप्पट ते दाखवत होतं. मी तळघराच्या भिंती तपासल्या, त्या कोरड्या होत्या. छत कोरडं, गटार वाहतं, कपडे वाळवायच्या यंत्राची नळी ठाकठीक. कुंडीसुद्धा नव्हती घरात. एकच गोष्ट लक्षात आली आणि मी ती मनातच ठेवली. सगळ्या खिडक्या ओल्या व्हायच्या, पण सुरुवात नेहमी एकाच खिडकीपासून व्हायची. स्वयंपाकघरात आईच्या खुर्चीशेजारी जी आहे, तिच्यापासून. आणि काचेवर धुकं खालून चढत नसे. ते मध्येच धरायचं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

एवढ्यात नाताळ आला. आता इथे आमच्या चर्चची थोडी भानगड सांगायला हवी. पिढ्यानपिढ्या आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे, सहा जानेवारीच्या संध्याकाळी सुरू व्हायचा. आई गेल्यानंतर चर्चने तारीख बदलली आणि जगाबरोबर चोवीस डिसेंबर धरली. बाबा कुरकुरले, पण स्टेफ्काबाई म्हणाल्या, "ओरेस्त, देवाला दोन्ही तारखा चालतात. माझ्या नातवंडांना मात्र सुटी याच दिवसांत असते, पंचवीसला मला त्यांच्याकडे जायचंय." तेव्हा आम्ही चोवीसलाच पवित्र जेवण केलं.

आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं. बारा पदार्थ, मांस-मटण काही नाही. कोपऱ्यात गव्हाची पेंढी. त्या संध्याकाळी घरातले गेलेले लोकही जेवायला येतात, म्हणून एक ताट जास्तीचं मांडायचं, आणि आपण बसण्याआधी खुर्चीवर हलकी फुंकर मारायची. तिथे एखादा आत्मा टेकला असेल तर त्याने सरकावं, आपण त्याच्या अंगावर बसू नये. लहानपणी मी आणि चुलत भावंडं इतक्या जोरात फुंकायचो की मेणबत्त्या विझायच्या आणि आई लाटणं दाखवायची.

तर चोवीसला आम्ही तिघांनी फुंकर मारली आणि बसलो. आईच्या खुर्चीपुढे ताट मांडलं, बीटाचं गरम सूप वाढलं. त्याची वाफ खांबासारखी सरळ वर गेली. बाबा जेवणभर त्या वाफेकडे बघत होते. मध आणि खसखस घातलेली गव्हाची खीर, कुट्या, आम्ही रिवाजाप्रमाणे रात्रभर टेबलावर ठेवली. सकाळी ती जशीच्या तशी होती, आणि तिच्या शेजारची खिडकी अशी वाहत होती की चौकटीवरून पाणी ओघळून फरशीवर साचलं होतं.

शेरिलचा फोन आला. "दार्का, ते लोक चांगले आहेत, पण किती थांबतील? सहा तारखेला संध्याकाळी दोघांची कामं सुटली की शेवटचं बघून जातील. कोरडं असेल तर लगेच सही. नाहीतर त्यांनी दुसरं घर पाहून ठेवलंय."

सहा जानेवारी. मी कॅलेंडरकडे बघितलं आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्यानंतर एका दुपारी मी घरात एकटी होते. बाबा स्टेफ्काबाईंबरोबर नव्या खोलीचे पडदे बघायला गेले होते. खोली मिळाली नव्हती, पण पडदे ठरत होते. मी आईच्या खुर्चीसमोर बसून त्या काचेवर डोळा ठेवला. बाहेर ऊन होतं, बर्फावरून ते डोळ्यांत येत होतं.

काचेवर धुक्याचा एक डाग होता, बशीएवढा. तो वाढला. मग आक्रसला. थोडं थांबून पुन्हा वाढला.

भट्टी चालू-बंद होत असेल तसं, मी स्वतःला सांगितलं. खाली गेले, भट्टीचं बटण बंद केलं, वर आले. घरातला घरघराट थांबला होता.

डाग वाढत होता. आक्रसत होता.

मी हात पुढे केला. खुर्चीच्या वरच्या हवेत, काचेच्या अलीकडे. थंडगार खिडकीपाशी माझ्या तळव्याला ऊब लागली. मग लागेनाशी झाली. मग पुन्हा लागली.

मी भट्टी चालू केली, कोट घातला आणि बाबा येईपर्यंत अंगणातलं बर्फ काढलं. अंगणात बर्फ नव्हतंच फारसं. तरी काढलं.

बाबा पडद्यांची गुंडाळी काखेत मारून आले. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं, मग खिडकी पाहिली, आणि गुंडाळी टेबलावर ठेवली.

"वाट बघतेय ती," ते म्हणाले.

"कोण?"

"तुझी आई, आणखी कोण. आपण तिला चोवीसला जेवायला बोलावलं. ती गेली तेव्हा सण सहाला होता. नवी तारीख तिला सांगितली कुणी?"

"बाबा, असं कसं..."

"चर्चने कागद लावला होता दारावर. ती कुठून वाचणार? गेल्या वर्षी सहाला आपल्या घरात चूल पेटली नाही, आणि या वर्षीही पेटणार नव्हती. पहिल्या वर्षी तू मला तुझ्याकडे नेलंस. दुसऱ्या वर्षी ही नवी तारीख. ती बिचारी गळा तयार करून बसलीय."

मला हसावं की काय करावं ते कळेना. बाबाही हसत होते, पण मग हसता हसता खाली बसले.

"खरं सांगू दार्का? मला दुसरीच भीती वाटते. तिला स्टेफ्का पसंत नसली तर? मी मुकाट इथेच राहीन मग. पण मला जायचंय गं. मला फार जायचंय."

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "सहाला पुन्हा सगळं करू. बारा पदार्थ. सूप मी बनवते."

स्टेफ्काबाई पेरोहींनी भरलेला डबा घेऊन आल्या. "दोनदा उपास, दोनदा सण," त्या बूट काढत म्हणाल्या. "माझ्या दोन्ही लग्नांत मिळून मी एवढं पीठ मळलं नव्हतं. ओरेस्त, पुढच्या वर्षी तुझा देव कुठला ते एकदा ठरव."

"देव तोच," बाबा म्हणाले. "बायको जुन्या वळणाची आहे."

स्टेफ्काबाईंनी डबा टेबलावर ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाह्या वर सारल्या.

अंधार लवकर पडतो त्या दिवसांत. मी पायरीवर उभी राहून समोरच्या कोळशाच्या जुन्या वखारीवर उगवलेला पहिला तारा पाहिला, आणि त्याच वेळी रोमेल आणि लिझेल फाटकातून आत आले. घरात सगळ्या काचा पांढऱ्या होत्या. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की अजून सुकलेलं नाही.

रोमेलने बायकोकडे बघितलं. तिने मान खाली घातली. "आम्ही निघतो मग," तो अवघडून म्हणाला.

"निघता कुठे?" बाबा आतून ओरडले. "आज दारात आलेला माणूस उपाशी गेला तर माझं वर्ष वाया जाईल. बूट काढा. घर नका घेऊ, पेरोही घ्या."

बाबांनी त्यांना फुंकर मारायला शिकवलं. रोमेलने वाढदिवसाच्या केकवर मारतात तशी मारली आणि पेंढीतलं भुसकट उडालं. सगळे हसले. आईच्या खुर्चीशेजारची जागा तेवढी उरली होती, आणि तिथे स्टेफ्काबाईंनाच बसावं लागणार होतं. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"मी तिच्याशेजारी कशी बसू?" त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी वाकून फुंकर मारली, अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर मारावी तशी. आणि बसल्या.

मी सूप वाढलं. आईच्या वाडग्यात आधी.

वाफ सरळ वर गेली.

मग ती वाकली.

टेबलाच्या दिशेने, एका झोतात, जशी कुणी फुंकल्यावर वाकते. सरळ झाली. पुन्हा वाकली. आई सूप तीनदा फुंकायची, कायम तीनदा, आणि मगच चमचा उचलायची. मी मोजत होते.

तिसऱ्यांदा वाकली.

बाबांनी स्टेफ्काबाईंचा हात धरला होता. रोमेल ताटात बघत होता. लिझेल मात्र थेट त्या वाडग्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती अशी नव्हतीच.

"गरम आहे अजून त्यांना," ती म्हणाली, आणि पावाची टोपली त्या खुर्चीकडे सरकवली. "माझी आजी पण येते. भात लागतो तिला."

बाबा मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी नाताळचं जुनं गाणं सुरू केलं, आणि स्टेफ्काबाईंनी त्यांच्या वर पट्टी लावली. स्टेफ्काबाईंचा आवाज चिरका आहे, पण त्या रात्री गोड लागला. खालची पट्टीही कुणीतरी छान धरली होती. दोन कडवी होईपर्यंत मला वाटत होतं की लिझेल गातेय. मग मी बघितलं, तर तिचं तोंड पेरोहीने भरलेलं होतं.

गाणं संपलं तेव्हा रोमेलने खिडकीकडे बोट केलं. काच मधून स्वच्छ होत चालली होती. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी, मग सबंध. बाहेर बर्फाच्छादित अंगण दिसलं, फाटक दिसलं, आणि वखारीवरचा तो तारा. एकामागून एक घरातल्या सगळ्या काचा निवळल्या.

मी जाऊन यंत्र पाहिलं. आकडा उतरत होता.

रोमेलने निरोप घेताना बाबांना विचारलं, "नक्की काय दुरुस्त केलंत?"

"तारीख," बाबा म्हणाले.

सही दुसऱ्या दिवशी झाली. बाबांना खोली मिळाली. सामान हलवताना त्यांनी फक्त आपली खुर्ची, आईची खुर्ची आणि पडदे नेले. लिझेलचा महिनाभराने फोन आला. घर सुरेख आहे, सासूबाईंची खोली रंगवून झाली, पण हवा इतकी कोरडी आहे की ओठ फुटलेत. ह्युमिडिफायर कुठला लावावा? मी तिला आयनारचा नंबर दिला. टोपी त्याने अजून खाल्लेली नाही.

बाबांच्या नव्या इमारतीत भट्टी नाही. भिंतीला गरम पाण्याचे लोखंडी नळ आहेत, पेटी नाही, चकती नाही. मार्चमध्ये, बाहेर अजून बर्फ असताना, मी त्यांच्याकडे दुपारी कॉफीला गेले. स्टेफ्काबाई ईस्टरची अंडी रंगवत होत्या. बाबा त्यांना नक्षी चुकली म्हणून सांगत होते, आणि त्या बाबांना चष्मा पूस म्हणून सांगत होत्या. दोघं इतके आनंदात होते की माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. स्टेफ्काबाईंनी चुकून चार कप काढले, की चुकून नाही, मी विचारलं नाही.

मी खिडकीशेजारी ठेवलेल्या आईच्या खुर्चीत बसले. काच छान स्वच्छ होती. मी कॉफी ढवळली आणि बाबांना काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या मानेवर मागून हलकी, उबदार, ओलसर फुंकर आली.

मागे भिंत होती.

बसण्याआधी फुंकर मारतात ती तिथे आधीच टेकलेल्याने सरकावं म्हणून.

मी सरकले.